बदकांचं पाणी

आमच्याकडे बदकं बघायला येणारी माणसं आधी अंडी किती देतात ते विचारतात, मग खातात काय ते विचारतात. पाण्याचं कोणी विचारत नाही. बदक म्हटलं की पाणी लागणार हे सगळ्यांना ठाऊकच असतं. पण ते पाणी रोज भरायचं कोणी, आणि घाण झालेलं पाणी ओतायचं कुठे, हे पक्षी दारात आल्यावर कळतं. इतकी वर्षं बदकं आणि हंस सांभाळल्यावर मला वाटतं, यातलं निम्मं काम पाखरांचं आणि निम्मं पाण्याचं.

आमची वाडी वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ आणि भुईगावच्या मधल्या भागात. केळी, नारळ, थोडा सोनचाफा, कुंपणाला जास्वंद, आणि मागे बावखल. वसईबाहेरच्यांना बावखल सांगावं लागतं. मोठा खोल खड्डा, त्याच्या उतरत्या मातीच्या कडा, आणि पावसाळ्यात काठोकाठ भरणारं पाणी. पूर्वी त्यावर रहाट असायचा आणि पाटाने वाडीभर पाणी फिरायचं. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. बावखलं भरलेली असली की विहिरींचं पाणी गोडं राहतं, ती आटली की खारेपणा आत सरकतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ उभी केली, तेव्हा टँकर भरभरून उपसलं जाणारं पाणी हा एक मोठा मुद्दा होता. आमच्या सासूबाई त्या काळातल्या गोष्टी अजून तपशीलवार सांगतात. पुढे रहाट गेले, पंप आले, नळ आले आणि बावखलाचं काम संपलं असं लोकांना वाटू लागलं. कोणी त्यात बांधकामाची रॅबिट टाकली, कोणी सपाट करून गाड्या लावल्या. आमचं बावखल वाचलं त्याचं कारण साधं आहे. ते अर्धं आमचं आणि अर्धं शेजारच्या काकींचं. दोघांनी एका वेळी होकार दिल्याशिवाय ते बुजवता येत नाही.

बदकं या घरात माझ्या आधीपासून होती, पण ती नाताळापुरती. गणपतीच्या सुमारास सासूबाई पिलं आणायच्या, पावसाचे उरलेले दिवस ती वाडीतल्या गोगलगायी आणि किडे खाऊन वाढायची, नोव्हेंबरात त्यांना कणी आणि कोंडा सुरू व्हायचा आणि डिसेंबरात सगळं आवरायचं. फुग्यांबरोबर, म्हणजे तळलेल्या गोल पावांबरोबर, बदकाची मोईल झाली नाही तर आमच्याकडे नाताळ झाला असं कोणी मानत नाही. बदक सोलणं कोंबडीसारखं सोपं नाही. त्याची पिसं पाणी धरत नाहीत, त्यामुळे नुसत्या उकळत्या पाण्यात बुडवून ती सुटत नाहीत. पाण्यात थोडा साबण विरघळवला की पाणी पिसांच्या आतपर्यंत जातं. तरीही नवीन पिसं फुटत असताना बदक कापलं तर कातडीत खुंट राहतात आणि ते एकेक उपटत बसावं लागतं. पिसं पूर्ण भरण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. पांढऱ्या पेकिनची पहिली वेळ सातव्या आठवड्याच्या आसपास येते, ती चुकली तर पुढची बाराव्या-तेराव्या आठवड्यात. सासूबाईंना आठवडे मोजावे लागत नसत. छातीच्या पिसांत उलटा अंगठा फिरवून त्या सांगायच्या, ‘अजून नाही, पुढच्या रविवारी बघू.’

मी नोकरी सोडून घरी आले तेव्हा मला नाताळापुरती नव्हे, बारमाही अंड्यांची बदकं हवी होती. म्हणून खाकी कॅम्पबेल आली. ही जात इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात एका गृहिणीने विसाव्या शतकाच्या तोंडावर घरच्या घरी तयार केली. अॅडेल कॅम्पबेल तिचं नाव. इंडियन रनर, रूआन आणि रानटी मॅलार्ड यांचा संकर करत करत तिने वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देऊ शकणारं बदक काढलं. रनरच्या नावात इंडियन असलं तरी ती मूळची इंडोनेशियाच्या बेटांवरची. आपल्याकडे खाकी कॅम्पबेल आणि पेकिन या जाती बंगळुरूजवळ हेसरघट्टा इथल्या केंद्र सरकारच्या पैदास केंद्रात जोपासल्या गेल्या आणि तिथून देशभर पसरल्या. परसातल्या परिस्थितीत तीनशे अंडी कोणी धरून चालू नये. पिसं गळण्याच्या काळात अंडी थांबतात, दिवस लहान झाले की कमी होतात, कुत्र्याने एकदा पाठलाग केला तरी आठवडाभर बंद पडतात.

या जातीची मादी अंड्यांवर बसत नाही. उबवण्याची ओढ माणसाने तिच्यातून काढून टाकली आहे. म्हणून पिलं हवी असतील तर खुडूक झालेली गावठी कोंबडी शोधायची. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं, बदकाचं अठ्ठावीस. कोंबडीला हे माहीत नसतं. तिसरा आठवडा संपला की काही कोंबड्या उठून जातात. तिने चौथा आठवडा बसून काढावा म्हणून तिचं खाणं-पाणी टोपलीजवळ ठेवावं लागतं आणि आजूबाजूला गडबड होऊ द्यायची नसते. बदकाची मादी स्वतः बसली असती तर पोहून ओल्या पोटाने अंड्यांवर परतली असती. कोंबडी कोरडी. म्हणून शेवटच्या दिवसांत मी अंड्यांवर कोमट पाणी शिंपडते. ओल कमी पडली तर आतला पापुद्रा चिवट होतो आणि पिलू चोचीने टवका पाडूनही बाहेर येऊ शकत नाही.

मस्कोव्ही ही आमच्या वाडीतली वेगळी मंडळी. दक्षिण अमेरिकेतली जात, तोंडावर लाल मांसल गाठी, ओरडणं जवळजवळ नाहीच, नुसता फुसफुसाट. माद्या उडून नारळाच्या कापलेल्या खुंटावर जाऊन बसतात. त्यांची अंडी पस्तीस दिवस घेतात, पण त्या स्वतः इतक्या निष्ठेने बसतात की आपण मध्ये पडायचं कारणच उरत नाही. ज्यांना पिलांचा खटाटोप नको आणि अंडी थोडी कमी चालतात त्यांना मी मस्कोव्हीच घ्या म्हणते. फक्त तिचा इतर बदकांशी संकर होऊ देऊ नये. पिलं निपजतात, धष्टपुष्टही होतात, पण पुढे वांझ निघतात.

आता पाणी. बदकाला पोहायला मिळालं नाही तरी ते जगतं, अंडीही देतं. पण चोच नाकपुड्यांसकट बुडेल आणि डोकं ओलं करता येईल एवढं खोल पाणी त्याला लागतंच. उथळ ताटलीत पाणी दिलं तर काही दिवसांत डोळ्यांच्या कडांना चिकट घाण धरते आणि डोळे मिटू लागतात. आणि ते पाणी खाण्याच्या शेजारीच हवं. बदक कोरडा घास घेतं, धावत पाण्याशी जातं, चोच खळबळवतं, परत येतं. अर्ध्या तासात स्वच्छ घमेल्याची आंबील होते. नवीन माणूस इथे वैतागतो आणि घमेलं दूर नेऊन ठेवतो. मग कोरडा कोंडा घशात अडकून पाखरू गुदमरतं.

आम्ही जमिनीत हातभर खोल खड्डा काढून त्यात खडी भरली, वर जाड तारेची जाळी टाकली आणि घमेली त्या जाळीवर मांडली. सांडलेलं पाणी खडीतून झिरपून केळीच्या पाटाला लागतं. त्या पाटावरची केळी आणि अळू बघून पाहुणे खत कुठलं टाकता विचारतात. ओला कोंडा आणि बदकांची विष्ठा एवढंच. मात्र पाट दर आठवड्याला कुदळीने हलवावा लागतो. नाहीतर तो साका धरतो, वास सुटतो आणि माश्या होतात. पावसाळ्यात हे काम दुप्पट होतं. लोकांना वाटतं पाऊस म्हणजे बदकांची चैन. चैन आहेच, मुसळधार पावसात ती माना वर करून नाचतात. पण रात्री त्यांना कोरडी जागा लागते. ओल्या गवतावर रात्रंदिवस राहिली तर तळव्यांना गळवं होतात. म्हणून खुराड्यात भाताचं तूस, आणि संध्याकाळी दार लावताना खाणं आणि पाणी दोन्ही बाहेर. रात्री खायला दिलं नाही तर रात्रीचं पाणीही लागत नाही. उलट आत पाणी ठेवलं तर सकाळपर्यंत तुसाचा चिखल.

खुराडं सकाळी उशिरा उघडायचं, हे मी सासूबाईंकडून शिकले. बदकं पहाटे अंडी घालतात आणि घरट्याची फारशी फिकीर करत नाहीत. लवकर सोडली तर एखादी बावखलाच्या पाण्यातच अंडं टाकून पुढे पोहत जाते. उन्हं चांगली वर आल्यावर सोडली की अंडी तुसातच सापडतात. ती कोंबडीच्या अंड्यांहून मोठी, कवच जाड, पिवळा बलक भरगच्च. केक करणाऱ्या बायका नाताळाआधी आवर्जून नेतात. एरवीचे नेहमीचे गिऱ्हाईक नालासोपारा आणि विरारच्या इमारतींतले बंगाली आणि मल्याळी लोक. त्यांना बदकाचं अंडं काय असतं ते समजावून सांगावं लागत नाही. कुट्टनाडातून आलेल्या एका गिऱ्हाइकाने मला तिकडच्या चारा आणि चेंबल्ली जातींच्या, आणि कापणी झालेल्या भातखाचरांतून हजारोंनी हाकत नेल्या जाणाऱ्या कळपांच्या गोष्टी सांगितल्या. आमची मूठभर पाखरं बघून तो हसला. मीही हसले. एवढ्या बदकांच्या मागे चालायला मला जमलं नसतं. आमच्या मराठी शेजाऱ्यांना मात्र या अंड्यांचा वास येतो. त्यात थोडं तथ्य आहे. अर्नाळ्याहून आणलेली मासळीची कुटी जास्त झाली तर अंड्याला खरंच वास लागतो. म्हणून अंड्यावरच्या बदकांना कुटी बेताची, आणि शिंपल्यांचा चुरा मात्र भरपूर. किनाऱ्यावर राहण्याचा हा एक फायदा.

खाण्याच्या बाबतीत दोन गोष्टींना मी कधी ढील देत नाही. पहिली पिलांची. बदकाच्या पिलाला नियासिन नावाचं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलापेक्षा बरंच जास्त लागतं. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढवलेली पिलं पंधरा-वीस दिवसांत फेंगडी चालू लागतात, मग बसून राहतात. यीस्टची पावडर खाण्यात मिसळली की पाय सरळ होतात, अर्थात वेळेत दिली तर. दुसरी गोष्ट बुरशी. वसईच्या पावसाळ्यात चपलांनासुद्धा बुरशी येते, तिथे शेंगदाण्याच्या पेंडीचं काय सांगावं! १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की अचानक मेल्या तेव्हा कारण कोणालाच कळेना, म्हणून त्या रोगाला नुसतं ‘टर्की एक्स’ म्हणत. शोध घेत गेल्यावर तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीशी जाऊन थांबला. पेंडीवरच्या बुरशीचं विष सापडलं, त्याला पुढे अफ्लाटॉक्सिन नाव मिळालं. बदकाची पिलं या विषाला इतकी नाजूक की प्रयोगशाळांमध्ये विष आहे की नाही ते पाहायला त्यांचाच उपयोग करत. हे पशुवैद्यांनी मला सांगितलं त्या दिवसापासून आमच्याकडे जून ते सप्टेंबर शेंगदाण्याची पेंड बंद. मक्याचं पोतंही जमिनीवर न ठेवता फळीवर, आणि भिंतीपासून लांब.

बावखल बदकांना जितकं देतं तितकंच ते घेऊही शकतं. एका मे महिन्यात पाणी तळाला गेलं होतं, शेवाळ कुजलं होतं, काही मासे पोट वर करून तरंगत होते. दोन दिवसांनी एक मादी काठावर बसून राहिली, उठेना. मग तिचे पंख लोंबले, मग मान. मान अशी सैल पडली की उचलावी तिकडे कलायची, आणि डोळे मात्र उघडे. संध्याकाळपर्यंत आणखी तीन-चार तशीच. आम्हाला वाटलं कोणी विष घातलं. पशुवैद्यांनी फोनवर ऐकूनच सांगितलं, ‘मेलेल्या माशांत आळ्या झाल्यात का बघा.’ झाल्या होत्या. सडक्या पाण्यात आणि मेलेल्या जिवांत एक जंतू वाढतो, त्याचं विष आळ्यांच्या अंगात साठतं, बदकं त्या आळ्या चवीने खातात. जी लवकर लक्षात आली ती सावलीत ठेवून, चमच्याने स्वच्छ पाणी पाजत जगवली. बाकीची गेली. तेव्हापासून एप्रिल लागला की बावखलाच्या काठाने जाळी लागते आणि पावसाने पाणी वर येईपर्यंत बदकं घमेल्यांवर राहतात. मेलेला मासा दिसला की लांब काठीची जाळी घेऊन तो बाहेर काढणं, हे घरातल्या सगळ्यांचं काम. मुलांचंसुद्धा.

त्याच पशुवैद्यांनी लसीचं गणित समजावलं. बदकांचा प्लेग आणि कॉलरा हे रोग कळपात शिरले की एक-दोन दिवसांत निम्मं खुराडं रिकामं करतात, आणि दोन्हींवर लस आहे. पण लसीची कुपी मोठ्या फार्मच्या हिशोबाने भरलेली असते. परसात पंधरा-वीस पाखरं आणि कुपीत शंभर पाखरांची लस. उघडल्यावर काही तासांत ती वापरायची, नाहीतर ओतून टाकायची. म्हणून आता वाघोलीपासून गासपर्यंतच्या आम्ही काही बायका एकच दिवस ठरवतो. एकजण बर्फाच्या थर्मासमधून कुपी आणते आणि स्कूटरवरून घरोघर फिरते. तिला चहा पाजायचा नाही असा नियम आहे, नाहीतर शेवटच्या घराची लस गरम होईल!

शत्रूंमध्ये लोकांना साप आठवतो. पाणदिवड बावखलात असतेच, ती मासे खाते, बदकांच्या वाटेला जात नाही. नाग खुराड्यात शिरतो तो अंड्यांसाठी. खरा त्रास घुशीचा. ती रात्री जमिनीखालून येते, पिलं बिळात ओढून नेते, आणि सकाळी तुसात एक भोक तेवढं दिसतं. खुराड्याच्या तळाला, मातीखाली वीतभर, बारीक जाळी पुरल्याशिवाय यावर उपाय नाही. वरून कावळा. पिलं पहिले पंधरा दिवस जाळीच्या छपराखाली. आणि भटकी कुत्री. ती खाण्यासाठी येत नाहीत, खेळ म्हणून येतात, आणि एका रात्रीत सगळं संपवून जातात.

कुत्र्यांमुळेच हंस आले. पांढरे, नारिंगी चोचीच्या मुळाशी गाठ असलेले, चिनी जातीचे. युरोपातले पाळीव हंस ग्रेलॅगपासून आले, हे चिनी हंस पूर्व आशियातल्या वेगळ्या रानहंसापासून. आवाज इतका मोठा की रात्री वाडीत कोणी शिरलं तर आधी त्यांना कळतं, मग सगळ्या आळीला. कुत्रं त्यांच्यावर येत नाही असं मी म्हणणार नाही, पण हंस पंख पसरून, मान जमिनीलगत ताणून समोर आला की बहुतेक कुत्री माघार घेतात. माणसंही घेतात. मान वर असेल तर तो बघतोय, मान खाली आणि सरळ असेल तर तो येतोय, एवढं लक्षात ठेवावं आणि पळू नये. पळणाऱ्याच्या पोटरीला तो हमखास धरतो. आमचा पोस्टमन आता फाटकातूनच हाक मारतो, ‘ताई, तुमच्या त्या पांढऱ्याला बांधलंय का?’

हंसाचं तंत्र बदकाच्या अगदी उलट. त्याला पाणी कमी चालतं, पण गवत लागतं. बदक चिखल उपसतं, हंस चरतो. दिवसभर हरळी कातरत फिरणारे हंस वाडीतलं खुरपणीचं काम खूप हलकं करतात. अमेरिकेत एके काळी कापसाच्या शेतात तण खायला हंसांचे कळप सोडत, त्यावर मी लगेच विश्वास ठेवला. फक्त पालक आणि मुळ्याचे वाफे त्यांच्यापासून जपावे लागतात, आणि केळीचे कोवळे फुटवेही. बदकासारखा पाच-सहा माद्यांचा जनानखाना हंसाला पटत नाही. नर एक-दोन, फार तर तीन माद्या स्वीकारतो. मादी गेली तर तो कितीतरी दिवस तिला हाका मारत फिरतो. बदकांत एका नरामागे पाच-सहा माद्या हव्यात. नर जास्त झाले तर माद्यांच्या मानेवरची पिसं उपटली जातात आणि दुबळी मादी पाण्यात दाबली जाऊन मरते. जादा नर ओळखायला शेपटीवरचं वळलेलं पीस बघायचं. त्याआधी, दीड-दोन महिन्यांचं असतानाच, आवाजावरून कळतं. ठणठणीत क्वॅक करते ती मादी, घोगरा फुसका आवाज नराचा. नाताळाच्या यादीत जातात ते हे जादा नर.

हंसाची अंडी थंडीच्या दिवसांत, थोडी आणि फार मोठी. कोंबडी चार-पाचांवरच बसू शकते आणि ती तिला उलटवताही येत नाहीत, म्हणून रोज आपल्या हाताने फिरवावी लागतात. एकदा खुडूक कोंबडी मिळाली नाही तेव्हा एकाच्या इन्क्युबेटरमध्ये दोन अंडी ठेवली. पिलं बाहेर आली तेव्हा समोर माझा धाकटा होता, आणि पुढचे दोन महिने ती त्याच्या मागे शाळेच्या रिक्षापर्यंत जात. ऑस्ट्रियाच्या कोनराड लॉरेन्झला १९७३ साली नोबेल मिळालं त्यात या हंसांच्या पिलांचा मोठा वाटा होता. जन्मताच जो हलताना दिसतो तोच आईबाप, हे त्याने ग्रेलॅगच्या पिलांवर दाखवलं. आमच्या धाकट्याला नोबेलशी देणंघेणं नव्हतं. त्याला रिक्षावाल्याची बोलणी खावी लागत.

शनिवार-रविवारी इमारतींतली मुलं हंस बघायला येतात आणि हमखास पाव आणतात. मी तो फाटकातच काढून घेते. वाढत्या वयात पाव आणि जड खाद्य जास्त झालं की पंखाच्या टोकाची पिसं हाडांच्या मानाने फार भरभर वाढतात, सांधा बाहेर वळतो आणि पंख आयुष्यभर उलटा उभा राहतो. सुरुवातीलाच लक्षात आलं तर पंख मिटून काही दिवस पट्टीने बांधता येतो. गवत उपटून आणा, हवं तेवढं खाऊ घाला, असं मी मुलांना सांगते. मग ती आमच्याच वाडीतली हरळी उपटून देतात. चालतं.

आवाजाची तक्रारही आली. २००९मध्ये महानगरपालिका झाल्यापासून आमच्या पूर्वेला इमारती वर चढत गेल्या आहेत आणि एका सोसायटीतल्या रहिवाशांना पहाटेचा हंसांचा कल्लोळ नको होता. त्यांचं चुकत नव्हतं. पहाटे साडेचारला तो मलाही नको असतो. हंसांचं रात्रीचं घर वाडीच्या पश्चिम कडेला नेलं, झरोके झापांनी झाकले. अंधार असेपर्यंत ते गप्प बसतात. तक्रार करणारे गृहस्थ आता नाताळाला दोन बदकं आधीच सांगून ठेवतात.

हिवाळ्यात बावखलावर आणखी पाहुणे येतात. हळदी-कुंकू बदकं, अडईचे लहान थवे, कधी एखादा थापट्या. मी लहानपणापासून त्यांची वाट पाहत आले, पण २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि तेव्हापासून ती वाट पाहण्यात थोडी धास्ती मिसळली. कोंबडी या रोगाने पटकन मरते, बदक बऱ्याचदा काहीही लक्षण न दाखवता तो अंगावर बाळगतं. २०२१च्या जानेवारीत परभणीकडून बातम्या आल्या तेव्हा आम्ही बावखलाची जाळी उन्हाळ्याची वाट न बघता लावली, घमेली छपराखाली घेतली, चपला फाटकात आणि वाडीत वेगळ्या. रानपाखरांना हाकलायचं नाही, आपली पाखरं त्यांच्या पाण्यात जाऊ द्यायची नाहीत, एवढंच परसात करता येतं. मोठ्या फार्मवर माणसं अंगभर कपडे बदलून आत जातात. माझ्याकडे सासूबाई आहेत, आणि त्या चपला बदलायलाही कुरकुरतात.

या सगळ्याचा हिशोब मांडला तर अंड्यांचे पैसे कोंडा, कणी, यीस्ट आणि लस यात बरेचसे जातात. नाताळाची विक्री वर उरते. हंस काहीच कमवत नाहीत. बावखल नसतं तर मात्र हिशोबाचा प्रश्नच आला नसता. विहिरीचं पाणी एवढ्या घमेल्यांना पुरलं नसतं आणि ओतलेलं पाणी शेजारच्या अंगणात गेलं असतं. फ्लॅटच्या गच्चीवर जोडी ठेवायची म्हणून कोणी पिलं मागायला आलं तर मी आधी विचारते, गच्चीचं पाणी कुठे उतरतं? उत्तर बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या नावाने संपतं. मग मी त्यांना अंडी देते.

गेल्या वर्षी काकींच्या मुलाने त्यांच्या बाजूचं अर्धं बावखल भरून तिथे गाड्यांची शेड घालायचा विचार बोलून दाखवला. भाडं चांगलं मिळतं, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. काकी स्वतः गप्प होत्या. सासूबाई संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसल्या, दोघी खूप वेळ जुन्या रहाटाबद्दल बोलल्या आणि परत येताना सौदा ठरवून आल्या: काकींच्या घरी आठवड्याला डझनभर अंडी, पावसाळ्यानंतर काठाची डागडुजी आमच्याकडे, आणि बावखल आहे तसं. कागदावर काही नाही. यंदा नातू आल्यामुळे काकी दीड डझन मागतायत. शिवाय नाताळाला एक नर, तोही पेकिनच, मस्कोव्ही नको. अंड्यांना मी हो म्हटलं आहे. नराचं सासूबाई आणि काकी अजून ठरवतायत.